ड्रॉप शॉट केव्हा मारावा आणि कसा लपवावा

स्क्वॉशमध्ये चेंडूपर्यंत उशिरा पोहोचणाऱ्या खेळाडूला ड्रॉप शॉट, म्हणजे समोरच्या भिंतीजवळ हलकेच पाडलेला आखूड फटका, लपवता येत नाही. धावत येऊन जेमतेम रॅकेट लावली, तर एकच फटका शक्य उरतो आणि तो कोणता हे टीवर, म्हणजे कोर्टाच्या मध्यभागी रेषा मिळतात तिथे, उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला आधीच कळते. म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून भल्या सकाळी कोर्टावर येणाऱ्या मुलांना माझे पहिले सांगणे पावलांविषयी असते.

चेंडू पुढच्या भागात आखूड पडला की तिकडे जातानाच खांदा बाजूच्या भिंतीकडे वळवावा आणि रॅकेट ड्राइव्हसाठी, म्हणजे मागे खोलवर जाणाऱ्या जोरदार फटक्यासाठी, घेतो तितकीच उंच घ्यावी. ड्रॉपसाठी रॅकेट खाली धरून जाण्याची सवय लागली, तर फटका कितीही नाजूक असला तरी फसवणूक तिथेच संपते. आता चेंडू उसळून सर्वांत वर येईपर्यंत, आणि हात बसल्यावर तो किंचित खाली येऊ लागेपर्यंत, त्याच स्थितीत थांबावे. प्रतिस्पर्धी आपल्या फटक्याच्या अंदाजाने छोटी उडी घेऊन पाय मोकळे करतो. अपेक्षित क्षणी फटका आला नाही, की ड्राइव्हच्या धास्तीने त्याचा भार बहुधा मागे जातो. ड्रॉप मारायचा तो याच वेळी. तो उलट पुढे झेपावला, तर त्याच तयारीतून मागच्या कोपऱ्यात ड्राइव्ह मारावा. नजर चेंडूवरच असते, त्यामुळे त्याची हालचाल डोळ्यांच्या कडेने टिपण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो.

प्रत्यक्ष फटका मारताना पकड सैल असावी, रॅकेटचे तोंड थोडे उघडे ठेवून चेंडूखालून हलका काप द्यावा आणि हात मध्येच आवरू नये. टिनची, म्हणजे समोरच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या, चेंडू लागल्यास फटका बाद ठरवणाऱ्या पट्टीची, उंची नेहमीच्या कोर्टावर 48 सेंटिमीटर असते, व्यावसायिक स्पर्धांत 43. तरीही टिनला घासून जाणारा फटका साधण्याच्या मोहात पडू नये. वीतभर वर लागून बाजूच्या भिंतीला चिकटणारा सरळ ड्रॉप मला अधिक मोलाचा वाटतो, कारण भिंतीलगतचा चेंडू गाठूनही त्यावर चांगला फटका मारणे अवघड असते.

ग्वाल्हेरच्या हवेचा विचार इथे करावाच लागतो. जानेवारीत दोन पिवळ्या ठिपक्यांचा, कमी उसळणारा चेंडू तापायला वेळ घेतो, तापूनही लवकर थंडावतो आणि ड्रॉप चटकन मरतो. पण हे ठाऊक असल्याने प्रतिस्पर्धीही पुढे सरकून उभा राहतो, म्हणून आधी दोन-तीन खोल ड्राइव्ह मारून त्याला मागे न्यावे. मे महिन्यात बंदिस्त कोर्टावर चेंडू इतका उसळतो, की मागच्या भिंतीजवळून मारलेला ड्रॉप म्हणजे त्याला दिलेली आयती संधीच. त्या दिवसांत प्रतिस्पर्धी आपल्या मागे अडकलेला असतानाच, शक्यतो व्हॉलीवर, म्हणजे चेंडू जमिनीला टेकण्याआधीच, ड्रॉप घ्यावा.

सरावासाठी जोडीदाराला टीवर उभे करून आखूड चेंडू द्यायला सांगावे, प्रत्येक वेळी तीच तयारी करावी आणि फटका निघण्याआधी त्याने ‘ड्रॉप’ की ‘ड्राइव्ह’ हे मोठ्याने ओळखावे. तो सारखा बरोबर ओळखत असेल, तर खांदा, रॅकेटची उंची आणि शेवटचे पाऊल यांपैकी कशावरून ओळखतो हे त्यालाच विचारावे. आणि ड्रॉप मारून झाल्यावर लगेच बाजूला होऊन टीकडे परतावे; चेंडूकडे जाण्याची प्रतिस्पर्ध्याची सरळ वाट अडवून तिथेच उभे राहिलो, तर पंच स्ट्रोक देऊन गुण त्याच्या पदरात टाकू शकतो.