क्लेम झालेल्या गाडीचा विमा काढताना या चुका टाळा

दोन-तीन क्लेम झाले किंवा मध्ये पॉलिसी तुटली, की हप्ता वाढतो आणि माणूस पळवाटा शोधू लागतो. खरं नुकसान त्या पळवाटांतच होतं.

आधी एक गैरसमज. थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा) दर तुमच्या रेकॉर्डवर ठरत नाही, सरकार तो इंजिनाच्या सीसीवर ठरवतं. जून 2022 च्या दरांनुसार कारसाठी 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416, त्यापुढे 7,897, वर जीएसटी. क्लेमचा फटका ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्याला बसतो.

खोटा एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी सूट). सगळ्यात महाग चूक हीच. गेल्या वर्षी दरवाजाचं काम क्लेममध्ये केलेलं असतं. रिन्यूअलला दुसऱ्या कंपनीच्या फॉर्मवर 'मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला का?' यापुढे 'नाही' टिक होतं, कधी एजंटच करून टाकतो. हप्ता तीन-चार हजारांनी उतरतो, वर्षभर कोणी विचारत नाही. मग जुलैत गाडी पाण्यात अडकते, गॅरेज लाखाच्या वर एस्टिमेट देतं, सर्व्हेयर फोटो काढून जातो. नवी कंपनी जुन्या कंपनीला मेल करते आणि जुना क्लेम उघड होतो. एनसीबीची माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचे लाभ जातील, हे पॉलिसीवर छापलेलंच असतं. ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण तोवर गाडी गॅरेजात पडून राहते.

चुकीचं टिक झालं असेल तर आजच कंपनीला मेल करा, फरक भरा, एंडोर्समेंट (पॉलिसीत बदल केल्याचं कंपनीचं पत्र) हातात घ्या. अपघातानंतर त्याचा उपयोग नाही. आणि फॉर्म स्वतःच भरा, मागची पॉलिसी समोर उघडून. दोन मिनिटांत पॉलिसी काढायची घाई नवख्यांना फार नडते.

किरकोळ क्लेम. समजा झीरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नाही, बंपर 6,000 चा. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे उरले 3,000. सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, 1,000 (1500 सीसीपर्यंत). हातात 2,000. आता दुसरी बाजू: ओन डॅमेजचा हप्ता 10,000 आणि एनसीबी 50 टक्के असेल, तर क्लेमनंतर एनसीबी शून्यावर येऊन 20, 25, 35, 45 असा पुन्हा चढतो. पाच वर्षांत जादा गेले 5,000, 3,000, 2,500, 1,500 आणि 500, म्हणजे 12,500, शिवाय जीएसटी. असा बंपर खिशातून बदलावा. गॅरेजवाला 'क्लेममध्ये करून देतो' म्हणाला तरी आधी हा हिशेब मांडा.

पॉलिसी तुटणं. मुदत संपून 90 दिवस उलटले की एनसीबी गेला. त्याआधी नवी पॉलिसी घेतली तरी गाडीची तपासणी होते. तपासणीचा व्हिडिओ दिवसा, धुतलेल्या गाडीचा काढा. चेसिस नंबर आणि काच स्पष्ट दिसू द्या. विम्याविना पकडलं तर पहिल्यांदा 2,000 आणि पुढे 4,000 दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

दारू. 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमची मर्यादा ओलांडली की ओन डॅमेज विसरा. समोरच्याला दिलेली भरपाईही कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते.

ऐच्छिक डिडक्टिबल. हप्ता उतरतो, पण तेवढी रक्कम बँकेत नसेल तर घेऊ नका.

सेकंड हँड गाडी. मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत पॉलिसी नावावर करा. जुन्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावाच लागतो.