सीझनचं काम सोडून कायमच्या पेशात कसं जावं: गोव्यात कामाला आलेल्यांसाठी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात म्हापशाच्या बसस्टँडवर गेलात तर सावंतवाडी, दोडामार्ग, चंदगड, बेळगावच्या गाड्यांना पोरांची गर्दी दिसेल. किनाऱ्यावरचे शॅक उतरवलेले असतात, हॉटेलांनी माणसं कमी केलेली असतात. पाठीवर बॅग, खिशात शेवटचा पगार, आणि ‘ऑक्टोबरात परत ये’ एवढा मॅनेजरचा शब्द. मी या गर्दीत चार वर्षं होतो. कळंगुटच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागलो होतो, आज वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. मधला रस्ता कोणी आधी समजावून सांगितला असता तर माझी तीन वर्षं वाचली असती. म्हणून हे लिहितोय.

आधी एक लाइन धरा

पहिल्या सीझनला भांडी, दुसऱ्याला वॉटर स्पोर्ट्स, तिसऱ्याला बांधकामावर, चौथ्याला डिलिव्हरी, असं आपल्यातल्या बहुतेकांचं होतं. दिवसाला पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून आपण काम बदलतो, आणि चार वर्षांनी विचारलं की तुला काय येतं, तर उत्तर सापडत नाही. माझं ठाम मत आहे की पहिल्या दोन सीझनमध्ये पैशापेक्षा लाइन बघावी.

लाइन निवडताना एकच गोष्ट तपासा: हे काम जूनमध्येही चालतं का? एसी, जनरेटर, पंप, वायरिंग बारा महिने बिघडतात. वेर्णा, कुंडई, थिवी इथले कारखाने पावसात बंद पडत नाहीत. मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला, तोही बारमाही. मोठ्या हॉटेलांचं किचन पावसाळ्यात मंदावतं, पण थांबत नाही. शॅकवर ट्रे घेऊन फिरणं मात्र तेवढ्या आठ महिन्यांपुरतंच असतं. तुम्ही हॉटेलात असाल तर नोकरी सोडायची गरज नाही, हॉटेलातल्या हॉटेलात विभाग बदलून मागा. मी भांडी संपली की मेंटेनन्सच्या माणसामागे शिडी धरायला जायचो. दोन महिन्यांनी त्यानेच मॅनेजरला सांगून मला त्याच्याकडे ओढून घेतलं.

केलेलं काम कागदावर आणा

तो मेंटेनन्सवाला डिचोलीचा. त्याने मला पहिल्यांदा विचारलं होतं, ‘तुजेकडेन कागद आसा मरे?’ माझ्याकडे काहीच नव्हतं. तीन सीझन राबलो, आणि माझ्या नावाचा एक चिठोराही नाही, कारण मी ठेकेदाराकडून लागलो होतो आणि ठेकेदाराच्या वहीत माझं नुसतं पहिलं नाव होतं. पुढे एका कारखान्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा ती तीन वर्षं कोणी मोजलीच नाहीत.

त्यामुळे कामाला लागताना नियुक्तिपत्र मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मालकाने नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. मागताना भांडायची गरज नाही, ‘बँकेत खातं उघडायला लागतं’ म्हटलं तरी बरेच जण देतात. पगार रोख घेऊ नका, खात्यात घ्या, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट हाच तुमचा पुरावा होतो. आणि मे महिन्यात हिशेब घेताना, पैसे मोजायच्या आधी, अनुभवाचं पत्र हातात घ्या. त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, पद काय आणि काम काय, हे तिन्ही लिहून घ्या. ‘हेल्पर’ एवढंच लिहिलेलं पत्र फार उपयोगाचं नाही. ‘स्प्लिट एसीची साफसफाई व गॅस भरणे, पंप दुरुस्तीत मदत’ असं लिहिलेलं पत्र मुलाखतीत बोलतं. गावाला पोचून ऑगस्टमध्ये फोन केलात तर ते पत्र मिळणार नाही, हे मी अनुभवावरून सांगतो.

पीएफबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आपण सगळ्यात जास्त मार खातो. तुमच्या पगारातून 12 टक्के पीएफ कापला जात असेल तर तुमच्या नावाचा 12 आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असतो. मालक बदलला तरी तो नंबर एकच राहायला हवा. नव्या जागी नवा यूएएन काढू देऊ नका, जुना द्या. सीझन संपला की पोरं पीएफ काढून मोकळी होतात. घरी गरज असते, मला कळतं. पण त्या पैशाबरोबर पेन्शनचा हिस्साही काढून घेतलात तर सेवेची ती वर्षं पुसली जातात. पेन्शनला पात्र व्हायला 10 वर्षांची सेवा लागते आणि ती तुकड्यातुकड्यांनी जोडता येते. शिवाय यूएएनवरची सेवेची नोंद हा कोणत्याही नव्या मालकाला दाखवता येणारा, खोटा पाडता न येणारा अनुभवाचा दाखला आहे. फारच अडलं तर पीएफमधला थोडा भाग काढा, खातं बंद करू नका.

पीएफ नसेल तर ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. त्याने नोकरी मिळत नाही, पण असंघटित कामगार म्हणून तुमचं नाव आणि काम सरकारी नोंदीत येतं.

पावसाळ्याचे चार महिने

जून ते सप्टेंबर. आपण हे महिने भातलावणीत आणि गणपतीची वाट बघण्यात घालवतो. लावणीला हातभार लावाच, घरचं काम सोडून शिका असं मी म्हणणार नाही. पण शिक्षणाचे प्रवेश आणि अर्ज नेमके याच काळात असतात, आणि ऑक्टोबरात पुन्हा गोव्याला पोचलात की वर्ष गेलं.

दहावी राहिली असेल तर सगळ्यात आधी ती. दहावीशिवाय आयटीआयचे बहुतेक चांगले ट्रेड मिळत नाहीत. आखातात जायचा विचार असेल तरी दहावी पास असल्यावर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट लागत नाही. वाटा दोन आहेत. महाराष्ट्र बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे ऐन सीझनमध्ये. कामवाल्या माणसाला मी दुसरी वाट सुचवतो: राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. पाच विषय, मराठी माध्यम मिळतं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि एकेक-दोनदोन विषय सोडवत गेलं तरी चालतं. पावसात दोन विषय वाचायचे, ऑक्टोबरात ते देऊन टाकायचे. तीन पावसाळ्यांत दहावी होते.

दहावी हातात असेल तर आयटीआय. इलेक्ट्रिशियन, फिटर, एसी-रेफ्रिजरेशन मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर आणि प्लंबर एका वर्षाचे. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत पॅकिंगला ठेकेदाराकडून लागलेल्यांनी ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड जरूर बघावा. त्याचं नाव आपल्याकडे फार कोणाला माहीत नसतं, आणि त्याच लाइनीवर ऑपरेटर व्हायला तोच कामाला येतो. गोव्यात आयटीआय आहेत, पण तिथे प्रवेशाला रहिवासाची अट आडवी येऊ शकते. मी म्हणून सावंतवाडीला केला, महाराष्ट्राचा डोमिसाइल होता, अडचण आली नाही.

ही दोन वर्षं पगाराशिवाय जातात, आणि हाच सगळ्यात कठीण भाग आहे. मी आधीचे दोन सीझन पैसे साठवले, आणि सुट्टीच्या दिवशी वायरिंगची किरकोळ कामं केली. ज्यांना दोन वर्षं थांबणं शक्यच नाही, त्यांनी जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जाऊन ‘खासगी उमेदवार’ म्हणून ट्रेड टेस्टला बसता येईल का हे विचारावं. अनुभवी कामगाराला अशी वाट ठेवलेली आहे, आणि तिथे वर सांगितलेली अनुभवाची पत्रंच लागतात. कौशल्य विकास योजनेत आरपीएल नावाचा प्रकारही आहे: आधीच येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. किचन आणि हाउसकीपिंगवाल्यांना ते बरं पडतं. पण आयटीआयच्या प्रमाणपत्राइतकं त्याचं वजन नसतं, हे लक्षात ठेवून घ्या.

प्रमाणपत्रानंतर लगेच नोकरी धरू नका

आयटीआय झाल्यावर आधी अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत शिकाऊ कामगार म्हणून उमेदवारी, करा. स्टायपेंड कमी असतो आणि घरचे म्हणतात, शिकूनसुद्धा एवढेच? पण अप्रेंटिस म्हणून तुम्ही कंपनीच्या गेटमधून आत जाता, ठेकेदाराच्या गेटमधून नाही. मशीनवर खरं काम शिकता, आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. माझ्या बॅचचे जे थेट ठेकेदाराकडे लागले, ते पुढची दोन-तीन वर्षं हेल्परच राहिले.

दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षात. सिंधुदुर्गवाल्यांना मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन आहे. म्हणजे दहावीला पन्नास टक्के पडलेल्या पोरालाही इंजिनिअर व्हायचा दरवाजा उघडा आहे, फक्त तो मागच्या अंगणातून आहे.

भाषा आणि मुलाखत

गोव्यात मराठीवर पोट चालतं, वरच्या जागा तिच्यावर मिळत नाहीत. शॉप फ्लोअरवर कोंकणी आणि हिंदी, कागदावर इंग्रजी. रोज रात्री आपण दिवसभर केलेल्या कामाच्या चार ओळी इंग्रजीत लिहा: काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. शिफ्ट रिपोर्ट असाच असतो. माझी निवड झाली तेव्हा मला फाड फाड इंग्रजी येत नव्हतं, पण पंप का तापतो हे मी सहा वाक्यांत लिहून दाखवलं. आणि मुलाखतीत हॉटेलातली वर्षं लपवू नका. पाहुणे खोलीत असताना रात्री दोन वाजता एसी सुरू करून दिलेला माणूस ब्रेकडाउनला घाबरत नाही, हे समोरच्याला सांगावं लागतं.

राहण्याचा पुरावा आजपासून

खासगी नोकरीला याची गरज नाही. पण गोव्यात सरकारी नोकरीसाठी 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तो मामलेदार कार्यालयातून मिळतो, आणि कोंकणीचं ज्ञानही लागतं. आपण दहा-बारा वर्षं खोलीवर राहतो आणि कागदावर एक दिवसही राहिलेलो नसतो. खोलीचा रीतसर भाडेकरार करा, आधारवरचा पत्ता आणि मतदार यादीतलं नाव इकडे आणा, मुलाला गोव्यातल्या शाळेत घातलं असेल तर त्याचे पहिलीपासूनचे दाखले एका फाइलीत ठेवा. माझ्याकडे करार आहे तो सहाव्या वर्षापासूनचा. आधीची पाच वर्षं मी दाखवू शकत नाही. मुलीची फाइल मात्र बालवाडीपासून पूर्ण आहे.