कोल्हापूरहून पुण्याला जाताय? आधी तिकिटाचा हिशोब बघा

आमच्या घरात पुण्याला जायचं म्हटलं की पहिलं वाक्य 'गाडी काढूया की'. चौघं असतील तर ठीकाय, पण एकटा माणूस अख्खी कार घेऊन हायवेला लागतोय तेव्हा हिशोब करून बघा, रस्त्यानं साधारण 230 किमी, 15 चं मायलेज धरलं तर 15 लिटर पेट्रोल आणि लिटरमागं 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 35 किलो एकट्याच्या नावावर. रेल्वे मिरज-साताऱ्यावरनं वळसा घालून जाते, जवळपास 326 किमी, तरी इंडिया जीएचजी प्रोग्राम या कार्बनचा हिशोब मांडणाऱ्या उपक्रमाच्या 2015 च्या सरासरीनं (माणशी किमीला 8 ग्रॅम) तीन किलोच्या आतच बसतंय. आणि एसटीला नावं ठेवू नका, भरलेली लालपरी पण माणशी साडेतीन किलोच्या आसपास येते, वर बायकांना अर्धं तिकीट. आई एकटी जाणार असली की मी गुपचूप सीबीएसला, म्हणजे आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावर सोडून येतो.

आता रेल्वेचं तिकीट. बुकिंग 60 दिवस आधी सकाळी 8 ला उघडतं, दिवाळीचं तेव्हाच काढून ठेवायचं. गाडीचा नंबर बघायची सवय लावा, 12, 20, 22 नं सुरू होणारा म्हणजे सुपरफास्ट, स्लीपरला 30 रुपये जादा. आपली कोयना 11 ची आणि महालक्ष्मी 17 ची, हा चार्ज नाही. ऑनलाइन काढताना कार्डाऐवजी यूपीआय वापरा, स्लीपरला 15 ऐवजी 10 रुपये फी (वर जीएसटी). खिडकीवर ती फी पण नाही, पण त्यासाठी कुणी मुद्दाम पाचगावातनं स्टेशनला गाडी मारू नका, पेट्रोलच जास्त जाईल.

लांब जायचं असेल, म्हणजे दिल्ली वगैरे, तर मिरजेवरनं पण शोधा, गोवा एक्सप्रेससारख्या गाड्या कोल्हापूरला येतच नाहीत. फक्त मिरजेपर्यंत जनरलनंच जायचं, कारण स्लीपरला कमीत कमी 200 किमीचे पैसे लावतात आणि मिरज आहे 48 किमीवर. उगं कशाला.

तात्काळ मात्र अगदीच अडलं तर, एसीचं 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. मी मेमध्ये लग्नासाठी दोन काढली, लग्नच पुढं गेलं, कन्फर्म तात्काळला रिफंड शून्य. वेटिंगला राहिलो असतो तर थोडं तरी परत आलं असतं.