नदीकाठच्या जंगलवाटेवर सायकलच्या टायरची हवा: वाटेत गेज नको, पंपाचे झटके मोजा

डांबरावर चालणारी हवा खडी आणि मुळांच्या वाटेवर फार होते: चाक उडतं, हात बधिर होतात, ओल्या मुळावर टायर सटकतो. हवा कमी केली, तर पुन्हा डांबर लागल्यावर नेमकी किती भरायची ते कळत नाही. म्हणून गेज (हवेचा दाब मोजायचं साधन) वापरून मोजमाप घरीच करून ठेवा; वाटेत मग पंपाचे तेवढे झटके मारले की झालं.

१. सायकलवर नेहमीचं सामान लादा. ४० मिमीच्या टायरसाठी सुरुवातीला मागे ५५, पुढे ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) धरा. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा.

२. हवा सोडून मागे ४०, पुढे ३२ वर आणा. हा जंगलवाटेचा दाब. अंगठ्याने टायर दाबून तो अंदाज लक्षात ठेवा, वाटेत हवा सोडताना तोच उपयोगी पडतो.

३. आता प्रवासात नेणार तोच छोटा पंप लावा आणि डांबरी दाबापर्यंत किती झटके लागतात ते मोजा. मागचा आकडा ५०च्याही वर जाऊ शकतो, दचकू नका. पुढचा वेगळा मोजा.

४. दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून पंपालाच चिकटवा.

पंप किंवा टायर बदलला की आकडे बाद.

टायरच्या कडेवर छापलेल्या किमान दाबाखाली मात्र जाऊ नका. दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. सामान मागच्या कॅरिअरवर असेल तर बहुतेक वेळा मागचंच चाक बसतं.