जुनी व्हाईट वाईन: एकाच पेटीतल्या बाटल्या वेगवेगळ्या का निघतात आणि तपासायच्या कशा

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं व्हाईट वाईन जपून ठेवणारी मंडळी आता बऱ्यापैकी दिसतात, कुणी नाशिकहून आणतं, कुणाचा मुलगा बाहेरून येताना ड्युटी फ्रीमधून उचलतो, आणि मग चांगल्या प्रसंगाला उघडू म्हणून बाटल्या वर्षानुवर्षं कपाटात राहतात. उघडल्यावर एक मस्त निघते आणि त्याच पेटीतली दुसरी एकदम बेचव, की लोक लगेच म्हणतात कंपनीच बेकार. असं करू नका. एका बाटलीवरून अख्ख्या पेटीचा निकाल लावायचा नाही, हे पक्कं धरा आणि पुढचं सगळं त्याच हिशोबानं करा.

कारण आधी समजून घ्या. रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आलेलं टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य असतं, ते ऑक्सिजनला बरंच झेलतं. व्हाईटमध्ये ते नसल्यातच जमा, तिचा सगळा भरवसा आंबटपणावर आणि बाटलीत भरताना वाईन टिकावी म्हणून ठेवलेल्या सल्फर डायऑक्साईडवर. आता बूच म्हणजे शेवटी ओकच्या एका जातीची साल, दोन बुचं सारखी नसतात, एक हवा जास्त आत सोडतं, एक कमी. जिथं हवा जास्त जाते तिथलं सल्फर लवकर संपतं आणि मग कापून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं तशी वाईन आतल्या आत तपकिरी होत जाते. फ्रान्सच्या बरगंडीत हे लई गाजलं, १९९५ आणि १९९६ च्या महागड्या व्हाईट वाईन्स काही वर्षांतच म्हाताऱ्या झालेल्या सापडायला लागल्या, आणि गंमत म्हणजे त्याच पेटीतल्या बाकीच्या ताज्या. बुचांची क्वालिटी, बुचं धुवायला वापरलेलं पेरॉक्साईड, सल्फर कमी घालायची पद्धत, अशी बरीच कारणं पुढं आली, एकावर बोट ठेवता आलं नाही. ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटनं १९९९ ची एकच सेमियॉन (त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन) वेगवेगळ्या झाकणांनी बंद करून वर्षानुवर्षं तपासली, त्यात स्क्रू कॅपवाल्या बाटल्यांत सल्फर चांगलं टिकलं आणि नैसर्गिक बुचाच्या बाटल्यांमध्ये आपसातच फरक पडलेला दिसला. वाईन एकच, टाकी एकच, तरी हे असं.

आता कामाला लागा.

आधी बघा की तुमची वाईन मुळात ठेवण्यासारखी आहे का. आपल्या नाशिकची सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां बहुतेक करून ताजी प्यायला बनवलेली असते, वर्ष-दोन वर्षांत संपवा, ती जपून काही उजळणार नाही. जर्मनीची रिसलिंग, ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीची सेमियॉन, फ्रान्सच्या लुआर भागातली शेनिन, बरगंडीतली चांगली शाब्ली, या खऱ्या टिकणाऱ्या.

मग एकाच लेबलच्या, एकाच वर्षाच्या सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीनं उभ्या करा, मागं पांढरा कागद धरा आणि मोबाईलचा टॉर्च मारा. काच हिरवी असेल तर एकट्या बाटलीकडं बघून काहीच कळत नाही, शेजारी दुसरी असली की लगेच कळतं. दोन गोष्टी बघायच्या: रंगानं कुठली गडद आणि मानेतली पातळी कुठलीची खाली. वरचं फॉइल चिकट लागतंय का, बूच वर सरकलंय का, तेही हात लावून बघा, वाईन तापून फुगली की बूच ढकलते.

इथं खरी मेख आहे, नीट वाचा. सगळ्याच बाटल्या सारख्या गडद झाल्या असतील तर बहुतेक दोष ठेवण्याचा, म्हणजे उन्हाचा. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो, माळ्यावर किंवा गच्चीलगतच्या खोलीत तर विचारूच नका, वाईनला पाहिजे १२-१४ अंश. पण पाच फिक्या आणि एकच गडद असेल, तर दोष बहुतेक त्या एका बुचाचा, बाकीच्यांना हात लावायची घाई नको.

आधी कुठली उघडायची? सगळ्यात गडद. ती आणखी ठेवून सुधारणार नाही, लवकर प्या. सगळ्यात फिकी आणि पूर्ण भरलेली शेवटी.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा. जुनं बूच ठिसूळ होतं, स्क्रूवाल्या ओपनरनं तुकडे पडतात, दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर घ्याच, तो बुचाच्या कडेनं आत जातो. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टरिक ॲसिडचे क्षार, काही अपाय नाही. आणि थेट फ्रीजमधून बर्फासारखी थंड ओतू नका, जरा बाहेर ठेवून ११-१२ अंशांवर येऊ द्या, नाहीतर चांगलं-वाईट दोन्ही लपतं.

वास घ्या आणि घाई करू नका. मध, भाजलेले बदाम, सुकलेलं जर्दाळू, हे चांगल्या वयाचे वास. रिसलिंगमध्ये रॉकेलसारखा वास आला तर तो तिचा स्वभावच आहे. काडी ओढल्यासारखा वास आला तर अर्धा तास ग्लासात राहू द्या, बऱ्याचदा निघून जातो. पण डागाळलेल्या सफरचंदाचा वास आणि सपाट चव असेल तर ऑक्सिजननं काम केलंय, ते परत येत नाही. आणि ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास म्हणजे टीसीए नावाचं, बुरशीमुळं तयार होणारं रसायन, तो बहुतेक बुचातूनच येतो, हवेनं जात नाही, उलट जास्तच जाणवतो. त्या बाटलीची वाईन रश्शात घालायचीही नाही.

प्रत्येक बाटलीचा रंग, पातळी, वास वहीत लिहून ठेवा, पुढची कधी उघडायची ते त्यावरूनच ठरतं. उरलेल्या आडव्या ठेवा, अंधारात, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. साधा फ्रीज काही महिन्यांपुरता ठीक, वर्षानुवर्षं ठेवलं तर आतल्या कोरड्या हवेनं बूच सुकतं. वाईन चिलर असेल तर लोडशेडिंगमध्ये दार उघडून बघत बसू नका, बंद राहिला की थंडावा बराच वेळ धरतो.

पाहुणे येणार असतील तर त्याच वाईनची दुसरी बाटली तयार ठेवा, आणि दुसरी उघडली की आधी वेगळ्या ग्लासात चाखा, लोकांच्या अर्ध्या भरलेल्या ग्लासात सरळ ओतू नका, कारण ती खराब निघाली तर पहिली चांगलीही वाया जाते.