शनिवारी रात्री साइट कोण बदलणार?

आमच्या इंदूरच्या चर्चच्या पहिल्या वेबसाइटचा पत्ता आज टाकला, तर क्रिकेटच्या सट्ट्याची जाहिरात उघडते. २०१६ साली तरुण संघातल्या एका मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या हौसेने ती साइट बनवली. साइटचं नाव (डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) घेतलं स्वतःच्या ईमेलवर, पैसे भरले स्वतःच्या कार्डाने. पुढे तो नोकरीला हैदराबादला गेला, नंबर बदलला, आणि नूतनीकरणाची पत्रं कुणी न उघडणाऱ्या इनबॉक्समध्ये साचत राहिली. मुदत संपली, नाव भलत्यानेच उचललं. तोवर नाताळच्या पत्रिकेच्या ४०० प्रती छापून आल्या होत्या. काळ्या स्केचपेनने पत्ता खोडत मी आणि माझी जाऊ दोन संध्याकाळ बसलो होतो.

म्हणून चर्चची साइट कशात बनवायची असं कुणी विचारलं, की तो प्रश्न मी दुसऱ्या नंबरावर ठेवते. आधी नाव. चर्चचा म्हणून एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड कमिटीतल्या दोघांकडे असू द्या, नाव त्याच ईमेलवर घ्या आणि पावती खजिनदाराच्या फाइलला लावा. (खजिनदार मीच आहे. बँकेत ३१ वर्षं काढली, पावतीशिवाय झोप लागत नाही.) पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा विचारा, आणि जमलं तर काही वर्षांचे पैसे एकदम भरून टाका. डॉट इन किंवा डॉट ओआरजी, दोन्ही चालतं. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारतही मिळतं. पत्रिकेवर ते छान दिसतं, पण जोडीला रोमन अक्षरांतलं नाव ठेवाच.

आता साइट कशात बनवायची. आमची हिंदी उपासना दर रविवारी साडेआठला आणि मराठी उपासना महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकराला. थंडीत वेळ बदलते, पाहुणे पाळक येतात, गीतांचे क्रमांक शनिवारी संध्याकाळी ठरतात. हे सगळं शनिवारी रात्री साडेनऊला, जेवणं आटोपल्यावर, फोनवरून कोण बदलणार? ते माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याला झेपेल तेच निवडा. आमच्याकडे ते काम महिला संघाच्या एक बाई करतात. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप उत्तम येतं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही.

एका भाच्याने रिअ‍ॅक्टमध्ये (ही प्रोग्रामरांची साधनपेटी) साइट बनवून देतो म्हटलं होतं, हलती चित्रं वगैरे. वेळ, पत्ता आणि चार फोटो दाखवायला एवढा घाट म्हणजे बारशाला बँड लावण्यासारखं. ह्यूगो किंवा जेकिल या पानं तयार करणाऱ्या प्रोग्रामने काढलेली साधी पानं मला मनापासून आवडतात. मागे डेटाबेस नसतो, त्यामुळे फोडायला फारसं काही नसतं, साइट चटकन उघडते, आणि गिटहब पेजेस किंवा क्लाउडफ्लेअर पेजेस या सेवांवर फुकट राहते. मंडळीत हे काम येणारी दोन माणसं असतील तर डोळे झाकून हेच घ्या. एकच असेल तर नको, तो एकटा हैदराबादला जातो.

पन्नास-साठ कुटुंबांची मंडळी असेल, हाताशी तंत्रज्ञ नसेल, तर गूगल साइट्स पुरे. फुकट आहे, स्वतःचं नाव जोडता येतं, नकाशा, कॅलेंडर, फॉर्म, यूट्यूब सगळं चिकटवता येतं, आणि अपडेटची भानगड नाही. दिसायला बेताचीच, आणि रविवारचे संदेश (प्रवचनं) तारीखवार मांडायची सोय नाही.

आम्ही आता वर्डप्रेसवर आहोत, पण एकदा हात पोळून. साइट बनवायचं २००३ पासूनचं हे मोफत सॉफ्टवेअर, होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेच्या भाड्याचे) पैसे मात्र पडतात. आमच्या दुसऱ्या साइटवर पेज बिल्डर, सरकते फोटो, नाताळपर्यंतचे दिवस मोजणारं घड्याळ, असे एकूण २३ प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) होते. २४ डिसेंबरच्या सकाळी कुठलासा एक आपोआप अपडेट झाला आणि पान पांढरं फटक! मध्यरात्रीच्या उपासनेची वेळ विचारणारे फोन दिवसभर माझ्या घरी. आता वर्डप्रेससोबत येणारीच थीम (दिसण्याचा साचा) आहे आणि प्लगइन चार. बॅकअप दर आठवड्याला गूगल ड्राइव्हवर जातो. जिथे साइट तिथेच बॅकअप ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच. तो परत बसतो का, हेही अधूनमधून करून बघा. अ‍ॅडमिनचे अधिकार दोघांना, बाकीच्यांना एडिटर.

देवनागरीचा त्रास कुणी आधी सांगत नाही. आमचं साप्ताहिक पत्रक प्रेसमध्ये कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बसवतात. ते उचलून साइटवर टाकलं की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखं वाचता येणाऱ्या पद्धतीत) बदला, मग रफार आणि 'दुसऱ्या'तला अर्धा र डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर हमखास तिथे घसरतो. दुसरं म्हणजे मराठी वळणाचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी केली की हे आपोआप होतं. हिंदी मजकुराला मग वेगळी भाषा सांगावी लागते. माझं माहेर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. इंदुरात चाळीस वर्षं काढूनही हिंदी वळणाचा ल मराठी ओळीत दिसला की मला खडा लागल्यासारखं होतं. फॉन्ट मुक्ता घ्या किंवा नोटो, पण दोनच जाडीचे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइली जड असतात.

फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी स्वरूपात घेतला की दीड-दोनशे केबीत बसतो. संदेशाचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवा, स्वतःच्या होस्टिंगवर कधीच नाही. पण वयस्क लोकांसाठी नुसता आवाजही द्या: अर्ध्या तासाचा संदेश, मोनो, ६४ केबीपीएस, म्हणजे साधारण १४ एमबी. गीतांचे शब्द टाकताना हक्क बघा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा त्यांची गीतं बिनधास्त टाका. नव्या कोरसची परवानगी लागते.

दानार्पणासाठी चर्चच्या खात्याचा यूपीआय क्यूआर पुरतो, कुणा व्यक्तीचा नको. परदेशातल्या नातेवाइकांसाठी म्हणून 'कार्डाने दान करा' असं बटण उत्साहात लावू नका. परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणी लागते आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. शब्बाथशाळेच्या (संडे स्कूलच्या) मुलांचे फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचे नाहीत आणि फोटोखाली नावं तर मुळीच नाहीत.

लोक साइटवर परत परत का येतात? सरकत्या फोटोंसाठी नाही. आमचं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं पान म्हणजे डिसेंबरातलं कॅरलचं (घरोघरी जाऊन गायच्या नाताळगीतांचं) वेळापत्रक. कोणत्या रात्री सुदामा नगर, कोणत्या रात्री पलासिया, कुणाकडे कितीला. लोक त्यावर चहाचं आधण ठेवतात. त्याच्या खालोखाल गेल्या रविवारचा संदेश, कारण पुण्या-नाशकातली मुलं आईवडिलांच्या चर्चमध्ये काय झालं ते ऐकतात. तारखा पानावर हाताने लिहू नका, गूगल कॅलेंडर जोडा. ईस्टर दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही येतो, २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. गेल्या वर्षीचा उत्तम शुक्रवार अजून लटकत असलेल्या साइटवर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

साइट तयार झाली की मंडळीतल्या सगळ्यात वयस्क माणसाच्या हातात फोन द्या, 'मराठी उपासना कितीला आहे ते शोधा' एवढंच सांगा आणि तोंड बंद ठेवून बघत बसा. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या. त्यांनी वरचा चर्चचा मोठा फोटो बटण समजून तीनदा दाबला आणि फोन परत दिला, "अगं, हे उघडतच नाही." आता फोटो खाली गेलाय आणि त्या जागी मोठ्या अक्षरात वेळ आहे.