सुती शर्ट आणि व्हिस्कोजचं अस्तर: दोन्हींवर एकच छटा कशी आणावी

"सगळं एकाच पातेल्यात घाला, एकच रंग येतो" हा सल्ला मी पहिल्याच वर्षी ऐकला आणि फसले. सुती अंग ऑलिव्ह झालं, अस्तर गडद आणि तपकिरीकडे झुकलेलं.

आधी कापड ओळखा. रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, सुती, लिनन, व्हिस्कोजवर (रेयॉनवर) बसतात, पॉलिएस्टरवर नाही. म्हणजे शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो पांढराच राहणार. त्याला इलाज नाही, शिवतानाच सुती दोरा वापरा.

धुण्याचा सोडा आणि साबण घालून कापड उकळून घ्या. पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला पाहिजे.

आता खरी अडचण. बहुतेक रिअॅक्टिव्ह रंग व्हिस्कोजवर सुतीपेक्षा गडद चढतात, म्हणून दोन्हींना सारखं माप चालत नाही. शिवण्याआधी, दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत रंगवा. शिवून झालं असेल तर मी तरी हात लावत नाही.

माप अंदाजाने ठरवू नका, नमुने काढा. १० ग्रॅम रंग पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. दोन्ही कापडांचे कोरडे ५-५ ग्रॅमचे तुकडे घ्या. सुतीला २ टक्के छटेसाठी (कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग) १० मिली द्रावण. व्हिस्कोजचे चार तुकडे: १०, ९, ८ आणि ७ मिली. प्रत्येक भांड्यात द्रावण धरून एकूण १०० मिली पाणी, ५ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम धुण्याचा सोडा. पाणी कमी-जास्त झालं की छटा बदलते, म्हणून मोठ्या घाण्यातही कापडाच्या वजनाच्या वीसपट पाणी ठेवा. मी एकदा "जरा मोकळं बरं" म्हणून जास्त पाणी घातलं आणि नमुन्याशी जुळणारी एकही बाही निघाली नाही.

मीठ तीन वेळा थोडं थोडं. सोडा सर्वांत शेवटी, अर्ध्या तासाने, वेगळा विरघळवून. कापडावर ओतलात तर डाग पडलाच समजा. ढवळणं थांबवू नका.

पहिल्या प्रयत्नात एकाच रंगाची पूड घ्या. ऑलिव्ह, चॉकलेटी किंवा काळा रंग बहुधा मिश्रण असतो, आणि त्यातला प्रत्येक घटक दोन्ही कापडांवर सारख्या वेगाने चढत नाही. माझं अस्तर त्यामुळेच बिघडलं.

गरम साबणपाण्यात पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा.

ओल्या तुकड्यावरून निर्णय घेणाऱ्यांवर माझा राग आहे. ओलं कापड गडद दिसतं. पूर्ण वाळवा, इस्त्री करा, मग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहा आणि पुन्हा ट्यूबलाइटखाली. एका उजेडात जुळलेली जोडी दुसऱ्यात वेगळी दिसू शकते.

दोन तुकड्यांमध्ये मन अडकलं तर फिका निवडा. फिक्या अस्तरावर पुन्हा थोडा रंग चढवता येतो. गडद झालेलं उतरवायला गेलात तर छटाच बदलते.